आधी लेखी मागा: पोरीला सेंटरला ठेवण्याबद्दल

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दुकान बंद करून आल्यावर वाचली आणि मग झोपच लागली नाही. मुलगी १६ वर्षांची, भाकरीचे दाण्याएवढे तुकडे करत बसते, अर्धे ताटाखाली जातात, आणि आता डॉक्टर म्हणतायत बेंगळुरूच्या सेंटरला ठेवा, तर तिथं नेमकं काय होतं असं तुम्ही विचारलंय. सगळं आमच्याच घरातलं वाटलं. हा अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे खाणं टाळत जाण्याचा मानसिक आजार, नेमका काय, का होतो हे तुम्हाला सांगितलं असेलच, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही, सांगलीत हळदीची अडत आहे माझी, त्यामुळं औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. वजनाचे आकडे मुद्दाम लिहीत नाही, इथं पोरीपण वाचतात आणि आकड्यांची चढाओढ लागते.

पहिला आठवडा तुम्हाला राग येणार. मला आला होता. एवढे पैसे घेऊन पोरीला वाटीभर पातळ भात? मी तिथल्या डॉक्टरांशी भांडलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन उतरतं, हृदयावर येतं, म्हणून सुरुवात हळू आणि सुरुवातीला रोज रक्त तपासायचं. पाय सुजतात, पोट फुगतं, पोरगी म्हणते बघा जाड झाले. ते तात्पुरतं असतं.

मग दिवसाला तीन जेवणं, मधे दोन-तीन खाणं, समोर सिस्टर बसलेली. एक बिस्किट चाळीस मिनिटं चाललेलं मी डोळ्यानं बघितलंय, आणि ती सिस्टर एकदाही "खा की" म्हणाली नाही, नुसती तिच्याशी मांजराबद्दल बोलत राहिली. जेवल्यावर तासभर हॉलमध्ये सगळ्यांसोबत बसायचं, बाथरूमला एकटं जायचं नाही, गेलीच तर दार किलकिलं आणि आतून मोठ्यानं आकडे म्हणायचे, म्हणजे आत ओकत नाही ना ते कळतं. वजन सकाळी लघवी करून, गाऊनवर, काट्याकडे पाठ करून. कारण पोरी आधी पोटभर पाणी पितात, खिशात नाणी ठेवतात. आपली करणार नाही असं समजू नका.

अजून एक, मुलगी १८च्या आतली असली की कायद्यानं घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस पूर्णवेळ सोबत लागतं, आणि मुलीसोबत बाईमाणूसच. त्यामुळं तुम्ही किंवा आत्या-मावशी कोण राहणार ते आधी ठरवा. आमच्या हिला शाळेतून बिनपगारी रजा काढावी लागली.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. पाचव्या दिवसापासून फोन सुरू होतो. "पप्पा मला न्या, मी खाते, शप्पथ खाते." हा फोन तुम्हालाही येणार. मी बारा-तेरा दिवस दम धरला, पण त्याच आठवड्यात विम्याच्या ऑफिसात गेलो होतो आणि तिथं माझा धीर सुटला. ११ वर्षं हप्ता चुकवला नव्हता मी. तिथल्या माणसानं फाइलचं पहिलं पान उघडलं, वजन या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, वेट कंट्रोल पॉलिसीत बसत नाही. अहो, ती अट लठ्ठपणाच्या उपचारांची, आणि इथं पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या! मग म्हणाला मानसिक आजार चालत नाही, मग म्हणाला सेंटर म्हणजे विश्रांतीचा प्रकार, मग जेवायला गेला. आणि मी येडा, हे सगळं तोंडी ऐकून घरी आलो. एक चिठ्ठीसुद्धा मागितली नाही.

पैशाची भीती आणि पोरीचा फोन एकत्र झाले आणि १९व्या दिवशी डॉक्टर नको म्हणत असताना सही करून, डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी, घेऊन, तिला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं घरी आणलं. गौरी-गणपती होते, सगळे म्हणाले बरं केलं. दोन महिन्यांत मिरजेत आयसीयूत चार रात्री, झोपेत नाडी इतकी खाली की मॉनिटर सारखा ओरडायचा. त्यानंतर परत बेंगळुरू, या वेळी दहा आठवडे.

दुसऱ्या वेळी एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं की मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७, कलम २१(४), मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच द्यावा लागतो, आणि विमा नियामकानं २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलेलंसुद्धा आहे. मी अर्ज दिला, पोच घेतली, लिहिलं की नाकारायचं तर कुठल्या अटीखाली ते लेखी द्या. त्याच ऑफिसातला सूर बदलला. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नाही म्हणाले तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, फी नाही, वकील नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, दुसऱ्या वेळचे बरेचसे पैसे मिळाले. पहिल्या वेळचा दमडा नाही, कारण कागदच नव्हता. तुमची पॉलिसी वेगळी असेल, मी खात्री देत नाही. पण ती जागा हॉस्पिटल म्हणून आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे का ते अ‍ॅडमिशनच्या आधी विचारा, आणि कागदावर आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं "वजन कमी" नको. पैशाचं अगदीच जमत नसेल तर निम्हान्सला, म्हणजे बेंगळुरूच्या सरकारी मानसिक आरोग्य हॉस्पिटलला, ओपीडीत दाखवा. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६, टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतून बोलतात.

परत आल्यावर पाहुण्यांना आधीच फोन करून ठेवा. "भरलीस बघ आता" एवढं एकच वाक्य माझ्या मोठ्या वहिनी बोलल्या आणि पुढचे तीन दिवस पोरगी दूधसुद्धा घेईना. आमचं मत विचाराल तर दिसण्याबद्दल चांगलंपण बोलू नये, पण हे ऐकतंय कोण.

आणि हो, घरातला वजनकाटा ती परत यायच्या आधी हलवा. आम्ही हलवला होता. ती मार्केट यार्डात दुकानी येऊन पोत्यांच्या काट्यावर उभी राहायची, ते आम्हाला सहा महिन्यांनी हमालानं सांगितलं.