वाचक विचारतात : २६ सीसीचं इंजिन आणि दुधाची किटली

प्रश्न : सर, आमच्याकडे वडिलांची काळी सायकल आहे. २८ इंची, सळईच्या ब्रेकची. रोज पहाटे कॅरिअरला वीस लिटरची किटली अडकवून ९ किलोमीटरवर डेअरीला दूध घालायला जातो. वाटेत एक चढ आहे, तिथं उतरून ढकलावी लागते. घरात फवारणी पंपाचं टू-स्ट्रोक इंजिन पडून आहे, त्यावर २६ सीसी लिहिलंय. ते सायकलीला बसेल का? मित्र म्हणतो, इलेक्ट्रिक किट घे. गावातला वेल्डर दोन्हीला तयार आहे.
— एक वाचक, तालुका वाळवा

उत्तर : वेल्डर तयार असतोच. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवताना माझीही निम्मी मुलं अशीच तयार असायची.

इंजिनाचा हिशेब करू. पंपाचं इंजिन जोरात असताना मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेरे मारतं. तुमचं चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटर जातं, म्हणजे ताशी २५ किलोमीटरला त्याला मिनिटाला १९० फेरेही पुरतात. सहा हजाराचे १९० करायचे तर साधारण बत्तीसास एक असा गिअर हवा. एका चेनवर ते होत नाही, दोन टप्पे लागतात, शिवाय क्लच. टायरला रोलर घासून चालवणारे आहेत, पण पहिल्या पावसात रोलर नुसता फिरतो आणि सायकल जागेवर. त्यात गंमत बघा, मोटार वाहन कायदा चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर त्याला मोटार वाहन धरत नाही. तुमचं २६! एका सीसीने नोंदणी, विमा, लायसन सगळं मागे लागलं. इंजिन पंपालाच ठेवा.

आता इलेक्ट्रिक. नियम असा की मोटार २५० वॉटच्या आतली हवी, २५ च्या वेगाला तिने मदत बंद करावी आणि पायडल थांबलं की तीही थांबावी. मग ती कायद्याने सायकलच. दुकानदार पाचशे वॉटची पुढे सरकवेल, घेऊ नका. तुम्ही, सायकल आणि भरलेली किटली मिळून ११५ किलो धरले आणि चढ शंभर मीटरला पाच मीटर असला, तरी ताशी बाराने चढायला सव्वादोनशे वॉटच्या आसपास लागतात. त्यातले थोडे तुमचे पाय देतील की.

पण मोटारीचं नाव शेवटी. आधी ब्रेक. सळईच्या ब्रेकचे रबर रिमला खालून, आतल्या बाजूने दाबतात. त्या रिमला कडेने सपाट जागाच नसते, म्हणून नुसते कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही कडांनी चिमटीत धरणारे ब्रेक, आणून लावले तर ते धरायचे कशाला? शिवाय लोखंडी चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक दाबून मनातल्या मनात दहा मोजायचे. वीस लिटर दूध मागे घेऊन उतारावर हे चालणार नाही. तेव्हा दोन्ही चाकांना अ‍ॅल्युमिनियमची रिम, पुढे व्ही-ब्रेकचे (लांब हातांच्या ब्रेकचे) खुंट असलेला चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा, मागे कॅलिपर, आणि कटऑफ स्विच असलेले ब्रेकचे दांडे. बोट लागताच मोटार बंद झाली पाहिजे. रिमचं माप आधी ठरवा, चिमटा त्या मापाचा घ्या. उलटं केलंत तर ब्रेकचे रबर रिमऐवजी टायरवर बसतात.

जुनी मागची रिम मोटारीला वापरू म्हणाल, तर तिची भोकं मोजा. काळ्या सायकलीला बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. हब मोटारी, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटारी, बहुतेक ३६ भोकांच्या येतात. चार भोकांची तडजोड करणारे कारागीर मी पाहिलेत, त्यांच्या चाकाचा आउट, म्हणजे डुगडुगणं, काही निघत नाही. रिमसकट विणलेलं चाकच घ्या. मोटार गिअरवाली घ्या, बंद असताना ती पायाला जड जात नाही. आणि ती मागेच बसवा. ओझं मागे असलं की पुढचं चाक हलकं होतं, खडीवर जागेवर फिरतं.

मागची फ्रेम मोटारीपेक्षा अरुंद निघेल. लोखंड आहे, थोडं फाकतं, पण दोन्हीकडे सारखं फाकलं पाहिजे. एक दोरा घ्या. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या दोन खाचांपैकी एकीला बांधा, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणा, ताणा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एकीकडे १८ मिलिमीटर आणि दुसरीकडे २३ आलं, तर सायकल कायम एका अंगाने चालणार.

आता माझी फजिती ऐका. हब मोटार चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा एक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरू बघतो. एक्सलला दोन बाजू सपाट असतात, त्या खाचेत अडकतात, एवढाच काय तो आधार. म्हणून टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी एक्सलवर घालून तिचं दुसरं टोक फ्रेमला आवळतात. मी माझ्या सायकलीला ती ‘उद्या’ लावणार होतो. सांगलीत विश्रामबागेच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, मी जोर दिला, खट् आवाज आला. एक्सल खाचेत गरगर फिरला आणि मोटारीच्या तीन जाड आणि पाच बारीक तारा दोरीसारख्या पिळून तुटल्या. मिरजेपर्यंत ढकलत आलो. वाटेत दोन जुने विद्यार्थी भेटले, दोघांनीही विचारलं, ‘सर, टॉर्क आर्म?’

तुम्ही दोन्ही बाजूंना लावा. आणि तार एक्सलमध्ये शिरण्याआधी खाली झोल देऊन वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून टपकेल, मोटारीत जाणार नाही.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची पुरे. ३६० वॉट-अवर होतात. ओझ्यासकट किलोमीटरला पंधरा धरले तरी जाऊन-येऊन १८ किलोमीटरला २७० लागतील. ती फ्रेमच्या तिकोनात बसवा. कॅरिअर किटलीचं आहे.

वेल्डरला मात्र एक सांगा : खाचेला वेल्डिंग करायचं नाही.

प्रश्न : मी अशी सायकल करून घेतली आहे. वरच्या मजल्यावर राहतो, बॅटरी जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावली तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. पेटली तर तुमची खाली उतरायची वाट तीच. दोन अँपिअरच्या चार्जरला पाच-साडेपाच तास लागतात, संध्याकाळी घरात आल्यावर लावा, जागे असेपर्यंत होईल. उन्हातून आलेली असेल तर आधी गार होऊ द्या. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीला ४२ व्होल्टचाच चार्जर लागतो. पिन बसते म्हणून शेजाऱ्याचा ४८ चा लावू नका. आणि फरशीवर ठेवा, गादीवर नको.