ऑइल घरी बदललं म्हणून वॉरंटी जात नाही, पण इस्टिमेटवर सही केलीत तर पुरावा जाईल

सांगलीजवळच्या एका वाचकाचं पत्र आहे. २०२४ साली घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, किंमत आठ लाख साठ हजार, वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिस अधिकृत केंद्रात झाल्या. पुढे ३१ हजार किलोमीटरला त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला. ३५ हजारांच्या आसपास ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिनातून खडखड ऐकू यायला लागली आणि इंजिन सीझ झालं, म्हणजे आतून जाम होऊन बंद पडलं. गाडी सहा आठवडे सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी आहे. ‘तुम्ही बाहेर ऑइल बदललंत, वॉरंटी संपली’ असं तोंडी सांगून त्यांनी एक लाख बेचाळीस हजारांचं इस्टिमेट पुढे केलंय. सही मिळाली की इंजिन खोलणार. वाचक विचारतात: वॉरंटी खरंच गेली का? आत्ता पैसे भरून नंतर भांडता येईल का? आणि ऑइल विकणारा दुकानदार मागच्या तारखेचं बिल द्यायला तयार आहे, ते घेऊ का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. ते बिल घेऊ नका. मागची तारीख टाकून आज बनवलेलं बिल हा खोटा दस्तऐवज आहे. तो ग्राहक आयोगापुढे ठेवलात तर तक्रार बाजूला राहील आणि भारतीय न्याय संहितेखालची फौजदारी तुमच्या मागे लागेल. दुकानदाराच्या बिलांचे क्रमांक लागोपाठ असतात, ते जीएसटीच्या नोंदींशी ताडून पाहता येतात. समोरच्या वकिलाला ती चूक शोधायला फार वेळ लागणार नाही. तुम्ही पैसे यूपीआयने दिले असतील तर ती नोंद बँकेकडे आहे, तेवढी पुरे. रोख दिले असतील तर ‘बिल घेतलं नव्हतं’ हे शपथपत्रात सरळ लिहा आणि रिकामा डबा जपून ठेवा. त्यावर ग्रेड आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. साडेआठ लाखांच्या गाडीत ओतायचं तेल बिलाशिवाय घेणं हा निष्काळजीपणा होता. त्या दिवशी दोन मिनिटं थांबून बिल आणि मीटरचा एक फोटो घेतला असता तर आज निम्मं काम झालेलं असतं.

आता वॉरंटी. पुस्तिकेच्या ज्या दोन पानांचे फोटो तुम्ही पाठवलेत, त्यांत ‘घरी किंवा बाहेर ऑइल बदलल्यास वॉरंटी रद्द’ असं कुठेही लिहिलेलं नाही. शिफारस केलेल्या ग्रेडचं ऑइल न वापरल्याने किंवा ठरलेल्या अंतराने देखभाल न केल्याने जो बिघाड झाला, तो वॉरंटीत धरला जाणार नाही, एवढंच तिथे आहे. तुमचं सगळं प्रकरण या एका कलमावर उभं राहील किंवा पडेल. हे कलम बिघाडाच्या कारणाबद्दल बोलतं. ऑइल कोणी बदललं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चुकीच्या ऑइलमुळे इंजिन बसलं असेल तर कंपनी बरोबर आहे. ऑइल योग्य होतं, पुरेसं होतं आणि तरीही ऑइल पंप निकामी झाला किंवा बेअरिंग मुळातच सदोष होतं, तर ऑइल कोणाच्या हाताने भरलं हा प्रश्नच उरत नाही.

या भूमिकेला आधार आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांविरुद्धच्या प्रकरणात आदेश दिला होता. ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं त्यात म्हटलं आहे. या आदेशावर पुढे अपिलं झाली, आणि मालकाने स्वतः केलेल्या कामाबद्दल तो थेट बोलत नाही. म्हणून तो तक्रारीत जरूर नमूद करा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. तुमच्याच पुस्तिकेतलं कलम तुम्हाला अधिक जवळचं आहे.

मग हे कारण सिद्ध कशाने होणार? इंजिनाच्या चेंबरमध्ये आज जे ऑइल आहे त्याने, तुम्ही बसवलेल्या फिल्टरने, आणि न खोललेल्या इंजिनाने. इस्टिमेटवर सही झाली की मेकॅनिक पहिल्यांदा ड्रेन बोल्ट काढेल, ऑइल पिंपात जाईल, फिल्टर भंगारात आणि बेअरिंग कुठे गेली ते कोणालाच सांगता येणार नाही. त्यानंतर उरतो तो त्यांचा तपासणी अहवाल आणि तुमचा शब्द. अशा स्थितीत हरलेल्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या होत्या याचा मला आजही राग येतो. सहा आठवडे तुम्ही फोनवर विनवण्या करत बसलात. एकही ईमेल नाही, एकही पत्र नाही. आता एक दिवसही दवडू नका.

आजच सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल पाठवा आणि त्याची प्रत दोघांनाही स्पीड पोस्टाने जाऊ द्या. त्यात लिहा: वॉरंटी कोणत्या कलमाखाली नाकारली ते लेखी कळवा. माझ्या लेखी संमतीशिवाय इंजिन खोलू नका, ऑइल काढू नका. दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत डिपस्टिकवरची पातळी पाहून फोटो काढू, ऑइलचे नमुने दोन-तीन बाटल्यांत घेऊन सीलबंद करू आणि सह्या करू. एवढा मजकूर पुरे, त्यात रागाचं एक वाक्यही नको. डिपस्टिकवरची पातळी क्षुल्लक वाटेल, पण ती योग्य खुणेवर असेल तर ‘तुम्ही बोल्ट नीट आवळला नाही, ऑइल गळून गेलं’ हा त्यांचा सर्वांत सोपा बचाव तिथेच संपतो. पातळी खाली असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण मग तुमची बाजू खरोखर कमकुवत आहे आणि मी तुम्हाला तडजोडीचा सल्ला देईन.

एक बाटली एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ द्या. ऑइलचा घट्टपणा, त्यात धातूचे कण किती, पाणी, कूलंट किंवा पेट्रोल मिसळलंय का, हे तिथे कळतं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ग्रेडचं ऑइल सांगितलं असेल आणि तुम्ही ५डब्ल्यू-३० भरलं असेल तर तेही लपणार नाही, म्हणून मला आधीच खरं सांगा. ग्रेड वेगळी निघाली म्हणजे तक्रार संपली असं मात्र नाही. चार हजार किलोमीटरमध्ये इंजिन केवळ त्या फरकाने बसलं का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर तज्ज्ञ देईल, मी नाही.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, बहुधा तुम्हाला ती महत्त्वाची वाटली नसावी: पार्किंगमध्ये काढलेलं जुनं ऑइल अजून गॅलरीत कॅनमध्ये आहे, ते कुठे टाकायचं? टाकू नका. ते ऑइल अधिकृत केंद्राने भरलेलं होतं. त्यात बेअरिंगच्या धातूचे कण प्रमाणाबाहेर सापडले तर झीज तुमच्या हाताआधीच सुरू झाली होती असं म्हणता येईल. कॅन इतके दिवस तुमच्या ताब्यात होता, त्यामुळे समोरची बाजू त्यावर आक्षेप घेईल आणि ग्राहक आयोग त्याला किती वजन देईल याची खात्री मी देत नाही. तरी आजच दोन साक्षीदारांसमोर सील करा, साधा पंचनामा लिहा. आणि प्रकरण संपल्यावरही ते गटारात ओतायचं नाही. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत संकलकाकडेच द्यावं लागतं.

त्यांनी आठवडाभरात लेखी उत्तर दिलं नाही किंवा संयुक्त तपासणी नाकारली, तर थेट जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूम दुसरीकडे असली तरी. मोबदला, म्हणजे तुम्ही गाडीसाठी मोजलेली किंमत, पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने फी दोनशे रुपये. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरूनही दाखल होते. कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलंत की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज हवा: इंजिन आहे त्या स्थितीत ठेवावं, आणि नमुना कलम ३८(२)(c) प्रमाणे प्रयोगशाळेकडे पाठवावा. तपासणीचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागेल. हा अर्ज पहिल्याच तारखेला रेटायचा. तपासणी लागणाऱ्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढाव्यात असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडतात आणि वर्षं जातात. आयोग उशीर करेल, पण ऑइलचा नमुना तोवर सीलबंद असेल तर उशिराने तुमचं फारसं बिघडणार नाही.

मागणी काय करायची, तिथे जपून राहा. कोणीतरी तुम्हाला ‘उत्पादन दायित्वा’खाली, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईसाठी, दावा टाकायला सांगितलंय. तो रस्ता तुमचा नाही. अशा दाव्यांसाठी कायद्याने हानीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान धरलेलंच नाही. वॉरंटीची अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करा, अशी मागणीही जिल्हा आयोगात नको. तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाचा आहे. तुमची तक्रार सेवेतल्या त्रुटीची: वॉरंटीत असलेली दुरुस्ती नाकारली. नवी गाडी मागण्याचा मोहही आवरा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या निकालात वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग बदलण्यापुरती मानली आहे. इंजिनाची मोफत दुरुस्ती किंवा बदल, टोइंगचा खर्च, मनस्तापाची माफक भरपाई, एवढंच मागा. पार्किंगचे रोज पाचशे रुपये ते लावणार म्हणतात. ते जॉब कार्डच्या (गाडी जमा करताना भरलेल्या कागदाच्या) मागे छापलेलं आहे का आणि तुमची त्यावर सही आहे का, हे पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

पैसे भरून नंतर भांडता येतं का? येतं, नोकरीसाठी गाडी लागत असेल तर मी अडवणार नाही. पण क्रम पाळा: आधी संयुक्त तपासणी आणि सीलबंद नमुने, मग इस्टिमेटवर ‘वॉरंटीचा हक्क राखून, निषेध नोंदवून’ असं स्वतःच्या हाताने लिहून सही, काढलेले सगळे भाग परत घेण्याची लेखी मागणी, आणि पक्कं बिल. तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत कलम ६९ प्रमाणे नकाराच्या दिवसापासून मोजली जाते. ‘साहेब बघतायत’ अशा फोनांनी ती वाढत नाही.

लेखी नकार हातात आला की पुस्तिकेची सगळी पानं आणि जॉब कार्डच्या दोन्ही बाजू मला पाठवा. तोवर त्या आवारात कोणत्याही कागदावर सही करू नका.