दोन वेगळ्या मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकांमध्ये आरसीएस (एसएमएसचे इंटरनेटवरून चालणारे सुधारित रूप) संदेशांची देवाणघेवाण कशी होते?

आरसीएस सुरू करताना कंपनी स्वतःच्या आयएमएस जाळ्यावर (कॉल आणि संदेश इंटरनेट पद्धतीने हाताळणाऱ्या यंत्रणेवर) सर्व्हर उभारू शकते किंवा गूगलच्या जाइबसारखी तयार सेवा घेऊ शकते. लहान कंपनीने, माझ्या मते, तयार सेवेचाच मार्ग धरावा. आंतरजोडणीसाठी प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र करार करत बसण्यापेक्षा आयपीएक्स या मोबाइल कंपन्यांना आपसांत जोडणाऱ्या खासगी जाळ्यावरील सामाईक हबशी एकदाच जोडून घेणे सोयीचे असते, मात्र जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले युनिव्हर्सल प्रोफाइल हे आरसीएसचे सामाईक मानक दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे.

खरी मेख नंबर पोर्टेबिलिटीत आहे. क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ग्राहक आज कोणत्या कंपनीकडे आहे हे खात्रीने कळत नाही, म्हणून आधी पोर्टिंगची नोंद तपासून मगच समोरच्या फोनची क्षमता विचारावी लागते. तिथे आरसीएस नसेल, तर मजकूर साध्या एसएमएसने पाठवता येतो.