रुग्णालयात संगणक आल्याने रुग्णाची काळजी खरोखर सुधारते का?

संगणक आल्याने उपचार सुधारतात, की केवळ केसपेपर कागदावरून पडद्यावर जातो, असे आपण विचारले आहे. रुग्णालयाच्या औषध विभागात मी बरीच वर्षे काम करतो आणि माझ्या मते नोंद नुसती साठवून काहीच साधत नाही. औषध लिहिताना किंवा देताना ती समोर आली, तरच तिचा उपयोग.

मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध देऊ नये, हे डॉक्टरांना ठाऊक असतेच. पण सकाळच्या राउंडमध्ये औषधे लिहून होतात आणि रक्ताचा अहवाल दुपारी येतो. कागदी पद्धतीत तो फाइलला टाचला जातो आणि रात्रीची गोळी ठरल्याप्रमाणे दिली जाते. प्रयोगशाळा आणि औषधांचा चार्ट एकमेकांना जोडलेले असतील, तर नर्स गोळी देण्यासाठी चार्ट उघडते तेव्हाच इशारा दिसतो. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन यांवरील बारकोड जुळवून पाहण्याची पद्धतही तशीच. एकाचे इंजेक्शन दुसऱ्याला टोचले जाण्याआधीची ती शेवटची तपासणी असते.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला होता आणि दोष व्यक्तींपेक्षा व्यवस्थेत अधिक आहे, असे म्हटले होते. मला ते पटते. मात्र संगणकही त्याच व्यवस्थेचा भाग असतो, हे विसरता येत नाही. आमच्याकडे सुरुवातीला दोन औषधांचा एकमेकांवर परिणाम होण्याच्या, म्हणजे आंतरक्रियेच्या, प्रत्येक किरकोळ शक्यतेसाठी इशारा येई. आठवडाभरात सगळे न वाचताच 'ठीक आहे' दाबू लागले आणि त्यात पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा एक इशाराही तसाच दाबला गेला. सुदैवाने औषध देण्याआधी ते माझ्या लक्षात आले. त्यानंतर आम्ही बहुतेक इशारे बंद करून मोजकेच ठेवले.

दोन रुग्णालयांमधील नोंदींची देवाणघेवाण अजूनही कच्ची आहे. अशा देवाणघेवाणीसाठी एफएचआयआरसारखे सामाईक मानक उपलब्ध असूनही एका ठिकाणची नोंद दुसरीकडे उघडेलच, याची खात्री देता येत नाही. म्हणून आपल्या औषधांची, त्यांच्या मात्रांची आणि अ‍ॅलर्जीची यादी मोबाइलमध्ये जवळ ठेवावी. रुग्ण दाखल होताना मी आजही सर्वप्रथम तीच मागतो.