कोल्हापुरात कारला विंटर टायर घ्यावेत की ऑल-सीझन?

विंटर टायर इथं घालायचे म्हणजे वैशाखात गोधडी पांघरायची. ७ अंशांखालीही कडक पडू नये म्हणून त्यांचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. मे महिन्यात तापलेल्या हायवेवर ते भराभर झिजणार, शिवाय गाडी थांबायलाही जास्त अंतर घेणार. ऑल-सीझनच घ्या. मनालीला गाडी नेणार असाल तर बर्फापुरत्या चाकांना साखळ्या लावता येतात.

आपल्याकडं खरी परीक्षा पावसाची. जुलैत गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पाणी बाहेर फेकतात त्या टायरच्या खाचा. खाचेच्या तळाशी आडवा बारीक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरली, म्हणजे कायद्याची हद्द संपली. मी मात्र ३ मिमीलाच बदलतो.

घेताना टायरच्या बाजूवर ‘DOT’ अक्षरांपुढं छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं: २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. मला एका दुकानदारानं तीन वर्षं पडून असलेला टायर ‘नवीनच हाय की ओ’ म्हणून दाखवला होता. नव्या टायरवर असतात ते केसांसारखे रबरी तंतू तेवढे चकाचक होते.