वादळात पडलेल्या फणसाच्या 48 इंच घेराच्या, 8 फूट लांब ओंडक्यात किती लाकूड निघेल, आणि लगेच पाट-देव्हारा करून घेता येईल का?

लगेच अजिबात नको, ओलं लाकूड पुढे पिळतं आणि सांधे उघडतात.

आधी माप. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळून घेर इंचात घ्या, साल काढून घेतला तर बरं. घेराला 4 ने भागा, त्याचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा की घनफूट आले. तुमचा घेर 48 इंच आणि लांबी 8 फूट म्हणताय, म्हणजे 8 घनफूट. फळ्या यापेक्षा कमीच निघणार, भुशात आणि सालीत बरंच जातं.

फणस अनुसूचित झाडांत, म्हणजे तोडायला परवानगी लागते अशा झाडांच्या सरकारी यादीत येतो, म्हणून सॉ मिलला नेण्याआधी वनखात्यात विचारून घ्या. पण ओंडका तसाच पावसात ठेवू नका हो, जीव तुटतो असं लाकूड कुजताना बघून!

दोन्ही तोंडांना आजच जाड ऑइलपेंट फासा, पाणी तिथूनच भराभर उडतं आणि तिथूनच चिरा सुरू होतात. फळ्या कापून आणल्या की पडवीत, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा ठिकाणी, प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवून रचा, वर जांभ्याचे चिरे ठेवा. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. एक तुकडा दर महिन्याला तराजूवर ठेवत जा, वजन उतरायचं थांबलं की सुताराला बोलवा.

कडेचा पांढरट भाग भुंगा खातो, तो काढून टाका. आतला पिवळा गाभा मात्र पाटाला, देव्हाऱ्याला एक नंबर, हळूहळू तपकिरी होत जातो.