पडद्यामागचं विचारा : सावली लिहिणारा माणूस

प्रश्न : आमच्या धाकट्याने कोल्हापुरात सिनेमाचा कोर्स लावलाय. त्याला व्हित्तोरिओ स्तोरारो या इटालियन कॅमेरामनवर प्रोजेक्ट करायचंय. गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, जीवनगौरव मिळाला ते हेच ना? आणि एक शंका माझी. सगळं दिग्दर्शकच ठरवतो, मग कॅमेरामनला तीन-तीन ऑस्कर कशाचे? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : हो, तेच. करोनामुळे पुढे ढकललेली 51वी इफ्फी जानेवारी 2021 मध्ये झाली, तिथे. ऑस्कर मिळाले ते 'अपोकॅलिप्स नाऊ' (1979), 'रेड्स' (1981) आणि 'द लास्ट एम्परर' (1987) या सिनेमांसाठी. कपोला, वॉरन बेट्टी आणि बर्तोलुची. तिन्ही वेळा दिग्दर्शक निराळा, यातच तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर आलं.

उरलेलं अर्धं सांगतो. मी बावीस वर्षं सिनेमात फोकस ओढला, ट्रॉली रेटली, शेवटी शेवटी थोडं स्वतंत्र कामही केलं. आपल्या मराठी सिनेमांच्या नामावलीत एक सुंदर शब्द असायचा, 'छायालेखन'. स्तोरारो आयुष्यभर सांगत आलेत की फोटोग्राफी म्हणजे प्रकाशाने लिहिणं. त्यांच्या तीन खंडांच्या ग्रंथाचं नावही तेच आहे. मला मात्र आपला शब्द त्यांना जास्त शोभतो असं वाटतं. हा माणूस सावली लिहितो.

मुलाला 'द कन्फर्मिस्ट' (1970) दाखवा. तेव्हा स्तोरारो जेमतेम तिशीचे. मुसोलिनीच्या काळातली गोष्ट. नायक मार्चेल्लो सरकारचा हस्तक म्हणून पॅरिसला आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे येतो. बोलता बोलता प्लेटोच्या गुहेचा विषय निघतो : साखळदंडात अडकलेले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात. हे सांगताना मार्चेल्लो खिडकी लावून घेतो. खोली काळवंडते आणि प्राध्यापकांची नुसती काळी आकृती उरते. मार्चेल्लोची सावली मागच्या भिंतीवर ठळक पडलेली. मग प्राध्यापक दुसरी खिडकी उघडतात आणि ती सावली भिंतीवरून पुसली जाते. झालं. हा माणूस आतून पोकळ आहे, हे एकही संवाद न घालता कळलं. तसं दिग्दर्शक सांगू शकतो, "इथे सावली नाहीशी व्हायला हवी." पण कुठला दिवा कुठून मारायचा, किती उंचीवर, उजेड अडवणारा काळा फलक, म्हणजे कटर, कुठे लावायचा, खिडकी उघडल्यावर येणारा उजेड किती ठेवला की सावली मरेल पण चेहरा जळणार नाही, हा सगळा हिशेब कॅमेरामनचा. आम्ही एकदा भिंतीवरून कंदिलाची सावली सरकवायच्या नादात अख्खी सकाळ घालवली होती. सावली सरकली; तिच्या मागोमाग लाइटमनचीही सरकली.

याच सिनेमात नायकाची वाग्दत्त वधू काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यात आहे आणि खोलीभर खिडकीच्या पट्ट्यांतून येणाऱ्या उन्हाचे पट्टे. सबंध घर गजाआड बसल्यासारखं दिसतं, आणि ती बाई मात्र हसत-नाचत असते.

'अपोकॅलिप्स नाऊ'चं काम आलं तेव्हा स्तोरारो आधी कचरत होते. कपोलाचा कॅमेरामन गॉर्डन विलिस. 'गॉडफादर' त्यानेच टिपलेला, त्याच्या जागेवर कसं जायचं? शेवटी गेले. 1976 मध्ये फिलिपीन्सच्या जंगलात शूटिंग सुरू झालं ते 1977 पर्यंत लांबलं. नट मार्लन ब्रँडो आला तो चांगलाच वजन वाढवून. म्हणून त्याला काळे कपडे घातले आणि अंधारात ठेवला. उजेडात येतो कधी टक्कल, कधी कान, कधी ओला हात. आपल्याकडे असा पेच पडला की नट उशी पोटाशी धरून बसतो! इथे मात्र त्या अडचणीतून पडद्यावरचा एक भीतिदायक माणूस उभा राहिला.

'रेड्स'च्या वेळी रोमच्या टेक्निकलर लॅबमध्ये त्यांच्यासाठी ईएनआर नावाची पद्धत निघाली. तिथल्या एर्नेस्टो नोव्हेल्ली रिमो या तंत्रज्ञाच्या नावाची ही आद्याक्षरं. प्रिंट धुताना ब्लॅक-अँड-व्हाइट डेव्हलपरची एक जादा टाकी घालायची, म्हणजे फिल्मवरची थोडी चांदी तशीच राहते. काळा रंग आणखी गडद होतो आणि बाकीचे रंग जरा दबतात. म्हणजे लॅबमध्येसुद्धा गडी सावलीच्याच मागे.

प्रश्न : 'द लास्ट एम्परर'मध्ये म्हणे प्रत्येक रंगाला अर्थ आहे. खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्तोरारोंचं तसं म्हणणं आहे. सिनेमा चीनच्या शेवटच्या सम्राटाचा. तांबडा म्हणजे जन्म, केशरी म्हणजे घरची ऊब, पिवळा म्हणजे सम्राटपणाची जाणीव, हिरवा म्हणजे ज्ञान. सम्राटाचे शिक्षक जॉन्स्टन येतात तेव्हा हिरवा येतो. मला हा तक्ता जरा शाळेतल्या फळ्यासारखा वाटतो. सिनेमा पाहताना कोण मोजत बसतो? सम्राटाने आत्महत्येच्या प्रयत्नात हात बुडवलेल्या पाण्यात लाल पसरतो आणि तिथून बालपणाचं दार उघडतं, तो क्षण तक्ता माहीत नसतानाही काळजात जातो. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत शूटिंगची परवानगी मिळालेला हा पहिला पाश्चात्त्य कथापट. नऊ नामांकनं आणि नऊच्या नऊ ऑस्कर.

प्रश्न : असं काम जमायला घरात कलेचं वातावरण लागतं का? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : स्तोरारोंचा जन्म रोममधला, 24 जून 1940 चा. वडील लक्स फिल्म या कंपनीत प्रोजेक्शनिस्ट, म्हणजे पडद्यावर सिनेमा चालवणारे. मुलगा अकराव्या वर्षी फोटोग्राफी शिकायला लागला, अठराव्या वर्षी तिथल्या सेंट्रो स्पेरिमेंताले या सरकारी सिनेमाशाळेत गेला. विशीत कॅमेरा चालवायला मिळाला आणि नंतर काम आटलं. त्या रिकाम्या दिवसांत तो चित्रं पाहत, पुस्तकं वाचत, संगीत ऐकत राहिला. जुन्या इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जोचं 'संत मॅथ्यूला बोलावणं' हे चित्र त्याला तेव्हाचंच लागलेलं. पुढे 2016 मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, अमेरिकन दिग्दर्शक वूडी अ‍ॅलनसाठी पहिल्यांदा डिजिटल कॅमेऱ्यावर सिनेमा केला.

ते चित्र मी पाहिलंय. मुलाकडे युरोपात गेलो होतो तेव्हा रोममध्ये सान लुइजी देइ फ्रान्चेसी या चर्चमध्ये गेलो. चॅपल काळोखात होतं. डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो. उजवीकडून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून तिरका उजेड भिंतीवर येतो. चित्रात खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येतच नाही! कोण कुणाकडे बोट दाखवतंय ते बघता बघता दिवा विझला. मग आम्ही सगळे अनोळखी लोक त्या काळोखात खिसे चाचपत उभे.